एकोणतीस परत आले

एकाहत्तरची लढाई संपून चौथं वर्ष चालू होतं, तेव्हा मला पोस्टिंग ऑर्डर मिळाली. ट्रेनिंग सेंटर, पीटी स्टाफ, हुद्दा हवालदार. सेंटर नागपूर शहराबाहेर होतं. पलटणीतल्या लोकांनी पाठ थोपटली. भिवापूरच्या माणसाला नागपूर मिळालं, आता दर रविवारी घरची भाकर खाणार, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात दोन वर्षांत मी सहा वेळा घरी गेलो.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे गेलेला पहिला मी आणि बी.ए. झालेलाही पहिला मीच. आईवडील दोघेही मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, बसून देठ खुडत. छप्पन सालच्या दसऱ्याला वडील पायी नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, आता शिकायचं. मी शिकलो. ऑफिसर होण्यासाठी दोनदा निवड मंडळासमोर गेलो आणि दोनदा परत आलो. मग शिपाई म्हणून भरती झालो. याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या ठिकाणी, मला 'बी.ए. उस्ताद' म्हणत. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. बी.ए. हा मान होता की टोमणा, ते म्हणणाऱ्याच्या तोंडावरून ओळखावं लागे.

पीटी उस्तादाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पाचला फॉल-इन. रिक्रूट उभे राहतात, बुटांच्या नाड्या तपासल्या जातात, मग दीड मैल हलकी दौड. त्यानंतर ऑब्स्टॅकल कोर्स. नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा. सहा फुटांची भिंत चढायची. तिरक्या लाकडी ओंडक्यावरून हात न टेकता जायचं. तारेखालून पोटावर सरपटायचं आणि शेवटी दोरावर चढून वरच्या आडव्या बल्लीला हात लावायचा. दर पंधरा दिवसांनी मोठी दौड. पाच मैल, पाठीवर भरलेला पिठ्ठू, खांद्यावर रायफल, कमरेला पाण्याची बाटली. पंचावन्न मिनिटांत यायचं.

लोक विचारतात, हे सगळं कशासाठी? लढाईत कोणी नऊ फुटांचा खड्डा आखून ठेवतो का? मी सांगतो, खड्डा महत्त्वाचा नाही. दम संपल्यावर माणूस विचार करणं सोडतो. दम संपल्यावरही डोकं चालू ठेवायची सवय लागावी म्हणून हा सगळा खटाटोप. हे वाक्य मी रिक्रूटांना बरेचदा ऐकवलं आहे. स्वतःला ऐकवायला हवं होतं, पण ते पुढे येईलच.

उस्तादाला मित्र नसतो. रिक्रूट घाबरतात आणि घाबरलेच पाहिजेत. बरोबरीचे हवालदार हरियाणाचे, पंजाबचे, गढवालचे. संध्याकाळी ते पत्ते मांडून बसत. मला बोलावत नसत असं नाही. पण मी गेलो की कोणी तरी म्हणे, आता शुद्ध बोला, मास्तर आले. मग मी जाणं सोडलं. संध्याकाळी सहाला बूट चढवून मी एकटाच बाहेर पडायचो. तोच पाच मैलांचा रस्ता, पण बोजा नाही. मला एकट्याने धावायला आवडतं असं सगळे म्हणत. एकट्याने धावायची मला सवय होती. आवड आणि सवय यांतला फरक मी कोणाला समजावत बसलो नाही.

तो रस्ता नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच घडलं. सेंटरच्या मागच्या गेटातून निघालं की डांबरी रस्ता सरळ उत्तरेला जाई. अडीच मैलांवर चुन्यानं रंगवलेला दगड होता, तो अर्ध्या वाटेचा. त्याच्यापुढे पाव मैलावर फाटा. डावीकडची गाडीवाट शेतांमधून वळून परत सेंटरला येई. फाट्यावरून सरळ गेलं तर खापरखेडा. वीजघराच्या चिमण्या आणि त्यांचा धूर धावणाऱ्याला पहिल्या मैलापासून समोर दिसे.

माझ्या स्क्वॉडमध्ये तीस रिक्रूट होते. त्यांतला शालिक नेवारे खापरखेड्याचा होता. वय एकवीस. बाप वीजघरात ठेकेदाराकडे कोळसा उतरवणारा. शालिकनंही दोन वर्षं तेच काम केलं होतं. भिंत आणि दोर त्याच्यासाठी खेळ होते, वॅगनीवर चढायची सवय. स्क्वॉडमध्ये तो पहिला वर पोचे आणि वरून बाकीच्यांना चिडवे. देवीलाल नावाचा राजस्थानी रिक्रूट त्याचा जोडीदार होता. देवीलाल दोरावर अडकला की शालिक त्याला हिंदीत ऐकवायचा, "उंट की सवारी बहुत हुई, अब नीचे आ जा भाई." सगळे हसत. मी हसू दाबून दोघांनाही दहा-दहा डिप्स मारायला लावत असे.

पण दौडीत शालिक मागे पडे. चौथ्या मैलाला त्याची छाती भरून येई. कोळशाची धूळ असावी असं मला आज वाटतं. तेव्हा मला तो आळस वाटला. मोठ्या दौडीत नापास झाल्यामुळे तो दोनदा मागच्या स्क्वॉडमध्ये ढकलला गेला होता. माझ्याकडे आला तो तिसऱ्या आणि शेवटच्या संधीवर. आता नापास म्हणजे डिस्चार्ज, घरी.

पहिल्याच आठवड्यात तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी नागपूरकडचा आहे हे त्याला कुठून तरी कळलं होतं.

"उस्तादजी, एक विचारू का? तुमी भिवापूरचे ना जी?"

मी त्याला हिंदीत सांगितलं, इथं मी कुठलाच नाही. पुन्हा माझ्याशी गावच्या बोलीत बोलायचं नाही. आपल्या भागाच्या पोराला हा सांभाळून घेतो असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तो 'जी उस्ताद' म्हणाला आणि गेला. त्यानंतर मी त्याच्याशी इतरांपेक्षा जास्त कडक वागलो. माझ्या दृष्टीनं तोच न्याय होता.

एकदाच त्यानं हुकूम मोडला. एप्रिलमध्ये सराव दौडीत तो शेवटचा आला, सत्तावन्न मिनिटं. मी विचारलं, घरी जायचंय का? त्यावर तो वऱ्हाडीतच बोलला. "घरी कोनत्या तोंडानं जाऊ जी? बापानं साऱ्या कॉलनीले सांगून ठेवलं, पोरगा मिल्ट्रीत हाये म्हणून. तुमी मले मारा, पन वापस नोका पाठवू." मी त्याला मैदानाला दोन चकरा मारायला सांगितलं. त्यानं मारल्या.

आता बाटलीचं. हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की काही रिक्रूट अर्ध्या वाटेवरच्या मोरीजवळ बाटली रिकामी करतात. पाण्याचं वजन कमरेवरून गेलं की धावणं सोपं होतं. मोरीजवळची माती ओली दिसली, त्यावरून मी पकडलं. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. निघताना बाटली गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे आणि परत आल्यावरही गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे. कमी दिसली की वेळेत दोन मिनिटं वाढवायची. सेंटरच्या लेखी हुकमात स्पष्ट होतं की मोठ्या दौडीत प्रत्येक जवानानं अर्ध्या वाटेवर पाणी प्यायचं. माझा नियम तोंडी होता. जानेवारीत सकाळी कोणाला तहान लागत नाही, त्यामुळे काही बिघडलं नाही. उलट चोरी बंद झाली. दोन उस्तादांनी माझं पाहून तसंच सुरू केलं. मला त्याचा अभिमान वाटला.

मे महिना आला. नियम तसाच राहिला. मी तो काढला नाही, कारण काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटची परीक्षा मे महिन्याच्या मध्यावर होती. फॉल-इन पहाटे पाचला झालं. अँब्युलन्सशिवाय मोठी दौड सोडायची नाही हा पक्का नियम होता आणि त्या दिवशी अँब्युलन्स सुरूच होईना. रिक्रूट बोजा बांधून बसून राहिले. सात वाजले. ऊन चढलं. पीटीचे सुभेदार साहेब माझ्याजवळ आले. ते गढवालचे, तीस वर्षं नोकरी झालेले, कमी बोलणारे.

"बी.ए., कल रख लें?"

मी म्हणालो, साहेब, मुलं तयार आहेत. निकाल दुपारपर्यंत ऑफिसला द्यायचा आहे. होऊन जाऊ दे.

त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. सात पस्तीसला अँब्युलन्स आली. सात चाळीसला मी शिट्टी वाजवली.

फिनिशला मी, सुभेदार साहेब आणि वायरलेस सेट. अर्ध्या वाटेच्या दगडाजवळ दुसरा सेट घेऊन नाईक थॉमस. आठ एकोणतीसला पहिला रिक्रूट आला. आठ चौतीसपर्यंत अठ्ठावीस. देवीलाल एकोणतिसावा, वेळेच्या काठावर. माझ्यासमोर उभा राहून त्यानं आधी बाटली पुढे केली. भरलेली होती. मी पास लिहिलं.

आठ चाळीसला मी सेट उचलला.

"दो नंबर, एक नंबर बोल रहा हूँ. तुम्हारे पास से कितने गये? ओवर."

"तीस. आखिरी नेवारे. आठ बजकर नौ मिनट. ओवर."

"हालत? ओवर."

"धीरे था. गिरा नहीं. ओवर."

सुभेदार साहेबांनी अँब्युलन्स गाडीवाटेनं उलटी पाठवली. नर्सिंग असिस्टंटबरोबर मी पुढे बसलो. दोन्ही बाजूंची शेतं, बांध, बाभळी पाहत फाट्यापर्यंत गेलो. कोणी नाही. थॉमस सेट घेऊन फाट्यापर्यंत चालत आला होता. त्यालाही कोणी दिसलं नव्हतं. पुन्हा तोच रस्ता पाहिला. विहिरीत वाकून पाहिलं. साडेनऊ झाले. सुभेदार साहेब सेटवर आले आणि म्हणाले, घर जवळ आहे त्याचं. समज ना. पळाला असेल.

मला राग आला. पण माझ्याही मनात तेच आलं होतं. मी ड्रायव्हरला सरळ खापरखेड्याच्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं. शालिकला परत आणून सगळ्यांसमोर उभा करायचा, एवढंच डोक्यात होतं.

फाट्यापासून एक मैलावर तो सापडला. नऊ पन्नास. रस्त्याच्या कडेला उजव्या कुशीवर पडलेला, तोंड खापरखेड्याकडे. पिठ्ठूचे पट्टे बांधलेले. रायफलची पट्टी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. नर्सिंग असिस्टंटनं डोक्यावर ओतायला म्हणून त्याच्याच बाटलीचं बूच काढलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

अँब्युलन्समध्ये मी त्याच्याशी वऱ्हाडीत बोललो. "शालिक, मी हावो गा. आयकून राहिला का?" त्याचे डोळे अर्धे उघडे होते. ओठ हलत होते पण शब्द नव्हता. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही. दुपारी एक वीसला हॉस्पिटलमध्ये तो गेला.

चार दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजर साहेब अध्यक्ष, दोन अधिकारी सदस्य. सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो, ही काही शिक्षा देणारी अदालत नाही. काय घडलं ते नोंदवणारी आहे. पण ती जे नोंदवते तेच कायमचं राहतं.

डॉक्टरांनी सांगितलं, उष्माघात. रस्ता कसा चुकला? डॉक्टर म्हणाले, उष्माघातात माणूस भ्रमिष्ट होतो, असं होऊ शकतं. पण दुसरी बाजूही मांडली गेली. हा रस्ता तो बारा-पंधरा वेळा धावलेला होता. घर समोर होतं. ही शेवटची संधी होती आणि नापास होणार हे त्याला दिसत होतं. आणि बाटली भरलेली. म्हणजे तहान नव्हती, म्हणजे फाट्यावर तब्येत ठीक होती, म्हणजे तो समजून-उमजून घराकडे गेला. ड्युटी सोडून पळताना मृत्यू. एका सदस्यानं हे इतकं सरळ मांडलं की ऐकताना कुठे बोट ठेवावं कळेना.

देवीलालला विचारलं, तुझा जोडीदार पाणी का प्यायला नाही? देवीलालनं माझ्याकडे पाहिलं. "मालूम नहीं साहब." दुसऱ्या रिक्रूटला विचारलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं आणि तेच सांगितलं. तीस जणांना माहीत होतं. एक मेला होता आणि एकोणतीस उस्तादाविरुद्ध बोलणार नव्हते. बोलू नये असं मीच शिकवलं होतं.

माझी पाळी दुपारी होती. बाहेर बाकावर सुभेदार साहेब शेजारी बसले. म्हणाले, जितना पूछें, उतना बोलना. त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं. माझं नायब सुभेदारच्या बढतीच्या यादीत नाव होतं. घरी धाकट्या दोन बहिणी. वडिलांचे हात मिरचीनं सोलून निघालेले. हे सगळं मी त्या बाकावर मनात फिरवलं. खोटं कशाला सांगू, अर्धा तास फिरवलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच घडली. शालिकचे वडील गेटवर आले होते. मुलाचं सामान न्यायला त्यांना बोलावलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो. अंगावर धुतलेला सदरा, पण नखांत कोळसा तसाच. मी कोण ते सांगितलं. ते हात जोडायला लागले, मी धरले.

"साहेब, लोक म्हनून राहिले का पोरगा पळून येत होता. खरं हाये का जी? काहून येईन तो पळून? मी तर त्याले म्हनलं होतं, आता घराकडे पाहू नोको."

मी म्हणालो, "नाही. तो पळून येत नव्हता."

"तुमाले ठाऊक हाये?"

"मले ठाऊक हाये."

ट्रंक उचलायला ते एकटेच वाकले. मी दुसरी कडी धरली आणि सायकलरिक्षापर्यंत नेऊन दिली. मग आत गेलो.

मेजर साहेबांनी मला मोजकंच विचारलं. किती वाजता सोडलं, किती परत आले, कुठं सापडला. उत्तरं दिली. मग मी म्हणालो, साहेब, मला स्वतःहून निवेदन द्यायचं आहे. लेखी. त्यांनी कागद दिले.

मी इंग्रजीत लिहिलं. दोन पानं. बाटली भरलेली परत आणायचा हुकूम माझा होता. तो लेखी हुकमाच्या विरुद्ध होता. सुभेदार साहेबांनी दौड दुसऱ्या दिवशी ठेवायला सुचवलं, मी नको म्हणालो. जो माणूस पळून जातो तो बारा किलोचा बोजा आणि रायफल सोबत नेत नाही, आणि पाणी तर पितोच. रिक्रूट नेवारे शुद्धीत होता तोवर परीक्षा देत होता, आणि शुद्ध गेल्यावरही त्यानं हुकूम पाळला. खाली सही केली, नंबर, हुद्दा, आणि का कोण जाणे, बी.ए. लिहिलं. फौजेत कागदावर मी ते पहिल्यांदाच लिहिलं. मेजर साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "यू अंडरस्टँड व्हॉट यू हॅव रिटन?" मी म्हणालो, येस सर.

नंतर देवीलाल आणि इतर सहा जणांना पुन्हा बोलावलं. या वेळी ते बोलले.

निष्कर्ष आला. ड्युटीवर असताना मृत्यू. रिक्रूटचा दोष नाही. मला कडक ताकीद मिळाली, पीटी स्टाफवरून काढलं, यादीतून नाव गेलं. सेंटरमध्ये अर्ध्या वाटेवर पाण्याचे रांजण ठेवले गेले. महिनाभरात मी पलटणीत परत होतो, सिक्कीमला. निघायच्या दिवशी कोणी स्टेशनवर आलं नाही. सुभेदार साहेबांनी सकाळी हात मिळवला आणि म्हणाले, "ठीक किया." मग म्हणाले, "देर से किया." दोन्ही खरं होतं.

हवालदार म्हणूनच रिटायर झालो. आता नागपुरातच राहतो. सकाळी धावतो, वयाप्रमाणे कमी. मैदानावर भरतीची तयारी करणारी मुलं असतात. ती विचारतात त्याची उत्तरं देतो. छाती किती फुगवायची, दोर कसा धरायचा. कोणाला शिकवायला मात्र घेत नाही. त्यांना वाटतं म्हातारा शिष्ट आहे.

वर्षातून एक-दोनदा शाळेत बोलावतात. भाषणाच्या शेवटी माझ्या पलटणीतल्या, आता नसलेल्या माणसांची नावं घ्या म्हणतात. मी उभा राहून घेतो. लान्स नाईक बलवंत, तो माझ्यापासून दहा यार्डांवर पडला. सिपाही हरदेव, तो हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होता. सिपाही जॉन कुजूर, त्याचं शव मिळालं नाही. हे तिघे लढाईत गेले, सरकारी दगडावर त्यांची नावं आहेत. मग मी म्हणतो, रिक्रूट शालिक नेवारे, खापरखेडा.

गेल्या खेपेला एका मास्तरांनी नावं वहीत उतरवून घेतली. चौथ्या नावाशी थांबून त्यांनी विचारलं, हे कोणत्या लढाईत गेले?

मी सांगितलं, लढाईत नाही, माझ्या हाताखाली.

त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. मी म्हणालो, लिहा, नाव लिहा. नेवारे. मग त्यांनी लिहिलं.